जुन्या टाकीत उरलेल्या डिझेलचं काय करायचं?

घरचा जनरेटर, कुळागरातला (पोफळीच्या बागेतला) पंप किंवा मांगरात (शेतातल्या खोपीत) ठेवलेलं बॅरल असणाऱ्या आमच्या गोव्यातल्या ग्राहकांसाठी

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीच्या पंधरा दिवसांत आम्हाला येणारे निम्मे फोन एकाच प्रश्नाचे असतात. "इन्व्हर्टर घेतल्यापासून जनरेटर लावलाच नाही. टाकीत अर्धं डिझेल आहे. आता पाहुणे येणार, सुरू करून बघू का?" आमचं उत्तर दरवेळी तेच असतं: आज नको. आधी टाकीचा तळ बघूया.

डिझेल जुनं झालं म्हणजे वाया गेलं, असं नाही. आम्ही तीन वर्षांचं डिझेल गाळून पंपाला वापरलं आहे आणि सहा महिन्यांचं फेकण्याच्या लायकीचं झालेलंही पाहिलं आहे. फरक वयाचा नसतो, पाण्याचा असतो.

डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर डिझेल साधारण ८३० ग्रॅम भरतं. त्यामुळे टाकीत शिरलेलं पाणी गुपचूप तळाशी जाऊन बसतं, आणि वरून झाकण उघडून पाहणाऱ्याला सगळं ठीकच दिसतं. हे पाणी येतं कुठून? अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री थंड होते, आत घेतलेल्या दमट हवेतलं पाणी पत्र्याला लागतं आणि ओघळून खाली जातं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा कशी असते ते सांगायला नको. त्यात झाकणाचं रबर वाळलेलं असेल किंवा बॅरल उघड्यावर उभं असेल, तर पाऊस थेट आत जातो. उभ्या बॅरलच्या डोक्यावर काठाच्या आत पाणी साचतं आणि बुचाच्या आट्यांतून हळूहळू उतरतं. म्हणून बाहेर ठेवायचंच असेल तर बॅरल आडवं ठेवा, दोन्ही बुचं घड्याळाच्या तीन आणि नऊच्या जागी येतील असं. आतून डिझेल बुचांना टेकलेलं असलं की पाऊस आत ओढला जात नाही.

पाणी आलं की त्याच्या मागून जीव येतात. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या थरावर बुरशी आणि जिवाणू वाढतात. ते राहतात पाण्यात आणि खातात डिझेल. काही महिन्यांत तिथे काळपट, बुळबुळीत साय धरते. तीच फिल्टरमध्ये जाऊन बसते. तिच्यातून तयार होणारं आम्ल टाकीचा पत्रा आतून खातं. टाकीला तळाकडून बारीक भोकं पडतात ती यामुळेच, आणि ग्राहकाला वाटतं की पत्राच हलका दिला होता.

घरच्या घरी तपासायचं असेल तर एवढं करा. टाकी दोन दिवस हलवू नका. मग खालचा ड्रेन कॉक थोडा उघडून स्वच्छ काचेच्या बाटलीत अर्धा लिटर घ्या. प्लास्टिकची बाटली नको, तिच्यातून नीट दिसत नाही. बाटली अर्धा तास ठेवा आणि मागे वर्तमानपत्र धरा. अक्षरं स्वच्छ वाचता आली, रंग फिकट पिवळा असला आणि तळाशी वेगळा थर नसला, तर आशा आहे. धुरकट दिसलं तर पाणी मिसळलेलं आहे. चहासारखा तपकिरी रंग आणि आंबूस वास आला तर डिझेल स्वतःच खराब झालं आहे, ते गाळून सुधारत नाही. काळे तुकडे तरंगताना दिसले तर तिथेच थांबा आणि आम्हाला बोलवा. पेट्रोलचा वास आला तरीही थांबा. कोणीतरी चुकून दुसरा कॅन ओतलेला असतो, आणि तसं मिश्रण डिझेलपेक्षा कितीतरी लवकर पेट घेतं. ते आम्हीही परत वापरत नाही.

बॅरलला कॉक नसेल तर पेट्रोल पंपावर वापरतात ती पाणी शोधायची पेस्ट काठीच्या टोकाला लावून काठी तळाला टेकवा. पाणी लागलेल्या भागापुरता पेस्टचा रंग बदलतो. नेहमीच्या २०० लिटरच्या उभ्या बॅरलमध्ये एक सेंटिमीटर उंची म्हणजे साधारण अडीच लिटर, हा हिशेब लक्षात ठेवा. काठीवर चार सेंटिमीटर रंग बदलला तर तळाशी जवळजवळ दहा लिटर पाणी आहे.

एक विनंती मात्र कळकळीची. नळी तोंडाने ओढून डिझेल काढू नका. आमच्या वडिलांच्या पिढीने जन्मभर तसंच काढलं हे खरं आहे. पण घोट चुकून श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला सूज येते आणि माणूस इस्पितळात पोहोचतो. गिळलं गेलं तर उलटी काढायला लावू नका, कारण वर येताना तेच डिझेल फुप्फुसात उतरतं. सरळ डॉक्टरकडे न्या. हाताने दाबायचा साधा पंप कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. आमच्याकडून दोन दिवसांसाठी नेलात तरी चालेल, भाडं घेत नाही.

चांगलं निघालं तर कुठे वापरायचं?

जुन्या पद्धतीच्या इंजिनात. घरचा लहान जनरेटर, कुळागरातला पंप, जुना पॉवर टिलर. यांचा इंधन पंप यांत्रिक असतो आणि तो बरंच सहन करतो. आमची पद्धत अशी: डिझेल दोन दिवस स्थिर ठेवायचं, तळाचं दहा सेंटिमीटर सोडून वरचं उपसायचं, पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरमधून आणि नंतर दहा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फिल्टरमधून काढायचं, आणि एक भाग जुनं, चार भाग नवं असं मिसळायचं. मलमलचं कापड केर अडवतं, पाणी अडवत नाही. म्हणून "धोतराच्या फडक्यातून गाळलंय" एवढ्यावर आम्ही समाधान मानत नाही. पहिले वीस-पंचवीस तास इंजिन चाललं की फिल्टर बदला. जुन्या टाकीचा उरलासुरला गाळ तोवर सुटून आलेला असतो.

आजच्या गाडीत मात्र हे डिझेल घालू नका, एक लिटरही नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ (भारत स्टेज ६ या प्रदूषण मानकाचं) डिझेल मिळतं, त्यात गंधक दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग. त्याआधीच्या बीएस-४ मध्ये ५० आणि बीएस-३ मध्ये ३५० भाग चालत होते. हा मुद्दा डिचोली, साखळी, सांगे भागातल्या ग्राहकांसाठी मुद्दाम लिहितो आहोत. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, तेव्हा खनिज वाहणाऱ्या कित्येक टिपरमालकांच्या अंगणात भरलेली बॅरलं तशीच राहिली, आणि त्यांतली काही आम्ही अजून उघडतो. ते डिझेल नव्या गाडीच्या धूर गाळणाऱ्या फिल्टरला आणि उत्प्रेरकाला मारक आहे. शिवाय नव्या इंजिनाचे इंजेक्टर इतके बारीक असतात आणि इतक्या दाबावर चालतात की पाण्याचा थेंबही त्यांना पुरेसा होतो. वीस लिटर वाचवायला जाऊन चार इंजेक्टर बदलण्याची वेळ येते.

वातीच्या किंवा पंपाच्या स्टोव्हमध्येही नको. डिझेल रॉकेलपेक्षा जड, ते नीट जळत नाही, काजळी धरते आणि बंद खोलीत तो धूर जिवावर बेततो. पाणी तापवायच्या चुलीवर, शिगम्याच्या होळीवर किंवा ओल्या पाचोळ्यावर ओतणंही टाळा. ज्वाळा धारेवरून मागे कॅनपर्यंत येते.

आता ज्यासाठी हे पत्रक छापलं त्या गोष्टीकडे येतो. न वापरता येणारं डिझेल आणि तळाचा गाळ लोक कुठे टाकतात? वाळवीसाठी वाशांच्या बुडाशी, कुंपणाच्या कडेला तण मारायला, डास होऊ नयेत म्हणून डबक्यात, नाहीतर सरळ घरामागच्या खड्ड्यात. आपली जमीन चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची आहे. चिरेखाणीचा कापलेला कडा जवळून पाहिलात तर त्यातली भोकं आणि नळ्या दिसतील. पावसाचं पाणी त्यांतूनच उतरून विहिरीला येतं. ज्या वाटेने पाणी जातं, त्याच वाटेने डिझेलही जातं.

काही वर्षांपूर्वी फोंडा तालुक्यातल्या एका कुळागरात आम्हाला बोलावणं आलं. पंपाच्या खोपीत ठेवलेलं बॅरल शिवणीतून पाझरत होतं. धार नव्हती, फक्त ओल होती. उन्हाळाभर कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण ते मातीत मुरत होतं. जुलैत पाऊस लागला आणि विहिरीच्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग आला. वास तर कळशी वर येण्याआधीच यायचा. विहीर उपसली, खोपीतली माती दोन फूट खणून काढली, पुन्हा उपसली. त्या घराने पुढची दिवाळी होईपर्यंत शेजाऱ्यांच्या विहिरीचं पाणी भरलं. घरातल्या आजी आम्हाला पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "आता बरं झालं का हो पाणी?" आणि आम्हाला हो म्हणता येत नव्हतं. त्यानंतर आम्ही ठरवलं की टाकी रिकामी करायला गेलो तर गाळ ग्राहकाच्या अंगणात सोडून यायचा नाही.

टाकीचा गाळ आणि जळकं ऑईल २०१६ च्या नियमांप्रमाणे धोकादायक कचऱ्यात मोडतं. पंचायतीच्या कचऱ्यात ते चालत नाही आणि गटारात तर नाहीच. आम्ही ते झाकणबंद कॅनमध्ये भरून नेतो आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्यांकडेच देतो. आमच्याऐवजी दुसऱ्या कोणाकडून काम करून घेतलंत तरी गाळ कुठे जाणार एवढं जरूर विचारा. थोडं सांडलंच तर पाणी मारू नका. लाकडाचा भुसा किंवा कोरडी वाळू टाकून शोषून घ्या आणि तोही गाळाच्या कॅनमध्येच भरा. डबक्यातल्या डासांसाठी गप्पी मासे सोडा.

रिकामं झालेलं बॅरल भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याचं असतं, हे पटवून देताना आम्हाला नेहमी कष्ट पडतात. भरलेल्या बॅरलमध्ये हवा नसते. रिकाम्यात हवा असते, आणि पत्र्याला चिकटलेलं डिझेल गॅस कटरच्या उष्णतेने वाफ होऊन त्या हवेत मिसळतं. मग ठिणगी एकच लागते. पाणी साठवायला किंवा भट्टीसाठी बॅरल कापून हवं असेल तर ते आधी आमच्याकडे किंवा जाणत्या वेल्डरकडे पाठवा. "उन्हात वाळवलंय, वास येत नाही" यावर विसंबून कोणीही कटर लावू नये. आणि आतून कितीही धुतलं तरी पिण्याच्या पाण्यासाठी ते कधीच वापरू नका.

नव्याने साठा करणार असाल तर थोडक्यात: जस्ताच्या मुलाम्याची टाकी आणि तांब्याची नळी टाळा, दोन्ही धातू डिझेल बिघडवतात. सहा महिन्यांत संपेल एवढंच घ्या. पावसाआधी टाकी गळ्यापर्यंत भरा, म्हणजे दमट हवेला जागा उरत नाही. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार एका जागी २,५०० लिटरपर्यंत डिझेल विनापरवाना ठेवता येतं, मात्र कोणतंही एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नको. घरासाठी एवढ्याची गरज कोणालाच नसते. हॉटेलवाल्यांनी मात्र हे ध्यानात ठेवावं.

इंग्लंडमधल्या स्विंडनला राहणाऱ्या आपल्या माणसांकडूनही अधूनमधून विचारणा होते. तिकडे ज्या घरांना गॅसची जोडणी नाही त्यांच्या परसात घर तापवण्याच्या तेलाची टाकी असते, आणि बॉयलर बदलला की तेल उरतं. ब्रिटनमध्ये ते तेल बहुतेक रॉकेल असतं, डिझेलपेक्षा पातळ. ते इंजिनाच्या पंपाला पुरेसं वंगण देत नाही, आणि कमी कराचं म्हणून ते रस्त्यावरच्या गाडीत घालणं तिकडे गुन्हा आहे. तळ तपासून, वरचं स्वच्छ तेल तशाच बॉयलरच्या शेजाऱ्याला देणं हाच तिथला चांगला मार्ग.

पाच-सात लिटरसाठी आम्हाला बोलावू नका, आमच्या येण्याजाण्याचा खर्च त्याहून जास्त होईल. बाटली भरून दुकानावर घेऊन या, बघून सांगू. त्याचे पैसे नाहीत. त्याहून जास्त असेल तर फोन करताना टाकी किती लिटरची, डिझेल साधारण कोणत्या वर्षी भरलं, आणि विहीर टाकीपासून किती पावलांवर आहे ते सांगा. शक्य असेल तर एप्रिल किंवा मे महिन्यात बोलवा. चवथीच्या आठवड्यात आम्ही फक्त बंद पडलेले जनरेटर बघतो, टाकी साफ करायला तेव्हा माणूस मिळत नाही.