पेट्रोल गाडीला सीएनजी किट बसवताय? आधी कागद, मग पाना

पेट्रोल वाचवायला लोक गाडीला काय काय करतात! कुणी पेट्रोलच्या पाइपला लोहचुंबक बांधतं, कुणी पाण्यातून हायड्रोजन काढणारी बाटली बॉनेटखाली बसवतं. त्यापेक्षा टायरमधली हवा वेळच्या वेळी तपासावी आणि टपावरचं रिकामं कॅरिअर उतरवून ठेवावं. फरक त्यानंच पडतो आणि परवानगीही लागत नाही. खर्चात मोठा फरक पाडणारा आणि कायद्यानं वाट ठेवलेला बदल म्हणजे सीएनजी किट. पण तो घरच्या अंगणात किंवा ओळखीच्या मेकॅनिककडे उरकायचा नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदींशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. इंधन बदलण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवण्याची मुभा मात्र याच कलमात आहे. परस्पर नियमबाह्य फेरफार केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

कोणती गाडी चालते? पेट्रोलची, आणि जिच्या मॉडेलसाठी व इंजिनसाठी किटला टाइप अप्रूव्हल, म्हणजे चाचणीनंतरची अधिकृत मान्यता, मिळालेलं आहे ती. बीएस-सिक्स (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराचं प्रदूषण मानक) पेट्रोल गाड्यांना बाहेरून किट बसवण्याची वाट केंद्रानं ऑगस्ट २०२२ मध्ये मोकळी केली, तीही एकूण वजन साडेतीन टनांच्या आतल्या गाड्यांसाठी. बीएस-फोरसाठी मिळालेला दाखला बीएस-सिक्स गाडीला चालत नाही. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. दुकानदार ‘अप्रूव्ह्ड किट आहे’ म्हणतो ते खरंही असतं, फक्त ते तुमच्या गाडीसाठी नसतं. म्हणून पैसे देण्याआधी टाइप अप्रूव्हलची प्रत मागा आणि त्यात आपलं मॉडेल, इंजिनची क्षमता, प्रदूषण मानक आणि दाखल्याची मुदत स्वतः वाचा. हे दाखले पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्था देतात. टाकीचा कारभार वेगळा आहे. ती नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्रीय स्फोटक सुरक्षा संस्थेच्या मान्यतेची हवी. टाकीत गॅस सुमारे २०० बार दाबानं भरला जातो, त्यामुळे भंगारातली टाकी रंगवून बसवणं म्हणजे डिकीत संकट घेऊन फिरणं.

कागद असे लागतात: मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, मालकाचा ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, किटचं पक्कं बिल, टाइप अप्रूव्हलची प्रत, टाकीचं प्रमाणपत्र आणि अधिकृत बसवणी केंद्राचा दाखला. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं संमतिपत्र. त्याला वेळ लागतो, तेव्हा सुरुवात तिथूनच करावी. बिलावरचा, दाखल्यावरचा आणि टाकीवर ठोकलेला क्रमांक केंद्रातून निघण्यापूर्वीच ताडून पाहा. एक आकडा चुकला तरी निरीक्षक गाडी परत पाठवतात, आणि मग केंद्रवाला फोन उचलत नाही.

किट बसल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर गाडीचा क्रमांक आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकायचे, मोबाइलवर आलेला ओटीपी द्यायचा, वाहनातील फेरफाराची सेवा निवडायची आणि शुल्क भरायचं. नंतर गाडी तपासणीला न्यायची. मोटार वाहन निरीक्षक चेसिस, किट आणि टाकीचे क्रमांक व टाकीची पक्की बसवणी पाहतात. सगळं जुळलं की आरसीवर इंधनाच्या रकान्यात पेट्रोलसोबत सीएनजीची नोंद होते. एजंटशिवायही हे होतं. एक-दोन खेपा धरून चाला.

आरसी हातात आली की विमा कंपनीला कळवा. किटच्या किमतीवर थोडा जादा हप्ता बसतो, सर्वसाधारणपणे ४ टक्क्यांच्या आसपास, आणि तृतीय पक्षाच्या विम्यासाठी वर थोडी रक्कम. ती वाचवायला जाऊ नका. विम्यात किटची नोंद नसेल तर अपघातानंतर दावा अडकू शकतो. गाडी उत्पादकाच्या वॉरंटीत असेल तर तिच्या अटीही आधी वाचा.

आणि मुळात गरज आहे का तेही पाहा. साठ लिटरच्या टाकीत गॅस आठ-नऊ किलोच मावतो, डिकी जवळजवळ जाते, पंपावरची रांग वेगळीच. रोज पुणे-चाकण करणाऱ्याला किट परवडतं. रविवारीच गाडी काढणाऱ्याचे पैसे निघायला वर्षं जातात.

टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबानं मजबुती तपासणं, दर तीन वर्षांनी करावी लागते. टाकीशी जोडलेल्या पट्टीवर पुढची तारीख कोरलेली असते. ती उलटलेली दिसली तर पंपावरचा माणूस नोझल लावत नाही, मागे कितीही मोठी रांग असो.