चीनची शाही परीक्षा: पास म्हणजे थेट मोठं पद?

सरकारी अधिकारी निवडणाऱ्या चीनच्या जुन्या शाही परीक्षेची शेवटची पायरी ओलांडली की थेट दरबारात मानाचं पद, आणि नापास झालात तर सरकारी दार कायमचं बंद, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत.

मिंग काळातला हाय रुई बघा. हायनान बेटावरचा हा माणूस १५४९ मध्ये प्रांतिक परीक्षा पास झाला. राजधानीतली पुढची परीक्षा त्याला कधीच जमली नाही. पण प्रांतिक पदवीवरही खालच्या नेमणुका मिळत. तो आधी नानपिंगला सरकारी शाळेत शिक्षक म्हणून लागला, मग १५५८ मध्ये छुनआन जिल्ह्याचा प्रमुख झाला. तिथे तो इतक्या काटकसरीने राहायचा की आईच्या वाढदिवसाला त्याने थोडंसं मांस विकत घेतलं, तर त्याची चर्चा थेट वरिष्ठ हू त्सोंगश्यानपर्यंत गेली!

१५६६ मध्ये त्याने जियाजिंग सम्राटाला त्याचे दोष सुनावणारा अर्ज दिला, तोही स्वतःसाठी शवपेटी विकत घेऊन. तुरुंगवास झाला, सम्राट वारल्यावर सुटका झाली. १५६९ मध्ये तो सूचौ परिसराचा प्रांताधिकारी झाला, पण बड्या जमीनदारांच्या जमिनींना हात घातल्यावर वर्षभरातच पद गेलं. मग सुमारे पंधरा वर्षं घरी. १५८५ मध्ये पुन्हा बोलावणं आलं.

उलट ग्वेई योग्वांग हा नावाजलेला लेखक आठ वेळा नापास होऊन १५६५ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, शेवटची परीक्षा पास झाला. त्याच्या वाट्याला आलं छांगशिंग या एका जिल्ह्याचं प्रमुखपद.