व्हिजन टी येणार म्हणून आहे ती फोर बाय फोर विकायची का? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

१५ ऑगस्ट २०२५ ला महिंद्रानं मुंबईत चार कन्सेप्ट (बाजारात येण्याआधी नमुना म्हणून दाखवायच्या) गाड्या दाखवल्या: व्हिजन एक्स, व्हिजन एस, व्हिजन टी आणि व्हिजन एसएक्सटी. त्यातल्या टी आणि एसएक्सटीचा चेहरा थेट थारच्या वळणाचा. तेव्हापासून सर्व्हिसिंगला येणारा जवळजवळ प्रत्येक थारवाला मोबाइल पुढं करून विचारतो, "मालक, ही येईपर्यंत थांबू का? आहे ती आत्ताच काढून टाकू का?" दोघांनी तर टायर घ्यायचं ठरलेलं पुढं ढकललं. उभ्या उभ्या उत्तर देताना प्रत्येक वेळी काहीतरी सांगायचं राहून जातं, म्हणून हे पत्रक.

आमचं मत आधीच सांगतो. तुमच्या गाडीला लो गिअर (गाडी हळू पण जास्त जोरानं ओढणारा गिअर) असेल आणि वर्षातून चार वेळा का होईना तो तुमच्या उपयोगी पडत असेल, तर फोटो बघून ती विकू नका.

वाद कशावरून

रविवारी सकाळी गॅरेजसमोर चहाला जमणाऱ्या मंडळींत या गाडीवरून सरळ दोन तट पडलेत. पोरांना ती बघताक्षणी आवडली. चौकोनी बॉडी, रुंद मडगार्ड, जाड टायर, न आवडण्यासारखं त्यात काही नाहीच. पण ज्यांनी जुन्या जीपचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) स्वतःच्या हातानं बदललेत त्यांचा जीव तुटतो. त्यातला एकजण म्हणाला, "ही थार नाही बे, थारचा फोटो हाय." रागाचं मूळ एका शब्दात आहे: मोनोकॉक.

आजची थार, थार रॉक्स, मारुतीची जिम्नी आणि फोर्सची गुरखा या चारही गाड्यांची बॉडी शिडीसारख्या लोखंडी चासीवर बोल्टनं बसवलेली असते. दगडाचा मार चासी खाते, बॉडी वर सुरक्षित राहते, आणि वाकलं-तुटलं तर वेल्डिंग करणारा मिस्त्री तालुक्याच्या गावातही मिळतो. व्हिजनच्या चारही गाड्या कंपनीच्या एनयू-आयक्यू नावाच्या नव्या प्लॅटफॉर्मवर आहेत आणि तो मोनोकॉक आहे. म्हणजे चासी वेगळी नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यावर पेट्रोल, डिझेल, हायब्रिड, इलेक्ट्रिक असं काहीही बसू शकेल, पुढच्या चाकांवर किंवा चारही चाकांवर चालणारी गाडी करता येईल आणि २०२७ पासून उत्पादन सुरू होईल, असं कंपनीनं सांगितलंय.

आता आमचं म्हणणं, आणि ते आमच्या जुन्या मित्रांना पटणार नाही. मोनोकॉक म्हणजे लेचीपेची गाडी, हे खरं नाही. रशियाची लाडा निवा १९७७ पासून मोनोकॉक आहे. तिला कायम चारही चाकांना ताकद जाते, लो गिअर आहे, मधला डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) लॉक होतो, आणि बर्फाचिखलात तिनं नाव कमावलंय. लँड रोव्हरचंही उदाहरण घ्या. त्यांनी २०११ मध्ये फ्रँकफर्टला डीसी१०० नावाची कन्सेप्ट दाखवली तेव्हा जुन्या डिफेंडरचे चाहते खवळले होते, ही गुळगुळीत गाडी आमची नव्हेच म्हणून. कंपनीनं ती तशी बाजारात आणलीच नाही. २०१९ मध्ये नवी डिफेंडर आली ती दिसायला बरीच वेगळी होती. तीही मोनोकॉकच, पण लो गिअर तिनं सोडला नाही.

म्हणून बॉडी कशी आहे यावर भांडण्यापेक्षा खाली काय काय दिलंय ते विचारा. कन्सेप्टच्या चेहऱ्यात बदल होतील, टायर बारीक होतील, आरसे मोठे होतील. खालचं सामान मात्र एकदा ठरलं की ठरलं.

लो गिअर

ऑल व्हील ड्राइव्ह आणि फोर बाय फोर यांत लोक गल्लत करतात, शोरूममध्येही होते. चारही चाकांना ताकद जाणं ही अर्धी गोष्ट. ती ताकद हळू आणि जोरात जाणं ही उरलेली अर्धी. त्यासाठी ट्रान्सफर केस लागतो, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा आणि लो गिअर पोटात असलेला डबा. जिम्नीत लो लावला की चाकावरचा जोर साधारण दुप्पट होतो आणि वेग निम्म्यावर येतो. ऊस भरलेली ट्रॉली रुतली असताना दोर बांधून हाय गिअरमध्ये ओढायला गेलात तर क्लच जळतो. त्याचा वास आमच्या ओळखीचा आहे, हंगामात दर आठवड्याला येतो. लो लावून, ॲक्सिलरेटर फारसा न दाबता, तीच ट्रॉली मुंगीच्या पावलानं निघते.

व्हिजन टीला लो गिअर मिळणार का, यावर गाडीची अर्धी किंमत ठरेल असं आम्हाला वाटतं. इलेक्ट्रिकचं गणित मात्र निराळं आहे. मोटर उभ्या जागेवरूनच पूर्ण जोर देते, त्यामुळं तिला लो गिअरची तितकी गरज भासत नाही. महिंद्रानं १५ ऑगस्ट २०२३ ला केपटाऊनमध्ये थार.ई ही इलेक्ट्रिक कन्सेप्ट दाखवली होती, आणि २०२५ मध्ये टाटाची हॅरियर ईव्ही पुढं एक, मागं एक अशा दोन मोटरी घेऊन बाजारात आलीसुद्धा. इलेक्ट्रिक म्हणून नाक मुरडू नका. फक्त बॅटरीचं वजन चिखलात गाडीला खाली दाबतं, हे ध्यानात ठेवा.

आपली काळी माती

खडकावर चढणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ बघून आपण गाडी निवडतो, आणि चालवतो कुठं? मोहोळ-माढ्याकडच्या शेतवाटांवर. हुरड्याच्या दिवसांत ही जमीन सिमेंटसारखी कडक असते, कुठलीही कार जाते. मृगाचा एक पाऊस पडू द्या. माती पाणी पिऊन फुगते आणि टायरला चिकटते. दहा-बारा फुटांत टायरच्या सगळ्या खाचा भरून येतात आणि टायर कडबोळ्यासारखा गुळगुळीत होतो. आणखी पुढं गेलात तर चिखल मडगार्डच्या आत दाटून बसतो आणि चाक फिरायचंच थांबतं. आम्ही एका गाडीच्या चार मडगार्डांतून खुरप्यानं माती काढली तेव्हा दोन घमेली भरली.

अशा जागी दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारा डिफरन्शियल लॉक कामाला येतो. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक जागेवर गरगर फिरतं आणि कोरड्यावरचं शेजारचं चाक गप्प उभं राहतं. थारच्या वरच्या मॉडेलांत मागं लॉक आहे, रॉक्समध्येही आहे, गुरखाला पुढं-मागं दोन्हीकडं आहे. नव्या गाड्यांत बहुधा फिरणारं चाक ब्रेकनं धरून ताकद दुसरीकडं पाठवतात. दगडावर हे छान चालतं. लांबलचक चिखलात ब्रेक तापतात, आणि नेमकं तेव्हाच कॉम्प्युटर हात वर करतो. व्हिजन टीच्या बाबतीत आम्ही सगळ्यात आधी हेच बघणार आहोत.

मडगार्ड आणि टायरमधली फटही बघून घ्या. आत चार बोटं उभी मावली पाहिजेत. कन्सेप्ट गाडीत फट भरून जाईल एवढे मोठे टायर लावतात, फोटोत ते भारी दिसतं. आपल्या मातीत ती फट मोकळीच हवी.

व्हिजनच्या गाड्यांचा क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचा तळ यांतलं अंतर) २२७ मिलिमीटरपर्यंत असेल असं कंपनी म्हणते. थारचा २२६ आहे, तेव्हा त्या बाबतीत तक्रार नाही. मोठे टायर घालून क्लिअरन्स वाढवू म्हणणाऱ्यांना एक हिशेब: टायरचा व्यास ५० मिलिमीटर वाढला तर गाडी वर उचलली जाते फक्त २५. आणि कंपनीच्या मापाबाहेरचे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतात, तसे बदल आम्ही करून देत नाही.

पाणी

थारची पाण्यात जायची मर्यादा ६५० मिलिमीटर आहे, म्हणजे साधारण गुडघ्याच्या वर. पण ती उभ्या पाण्याची. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा हायवेसुद्धा बंद करावा लागला होता, आणि तरी काहींनी "आपली फोर बाय फोर आहे" म्हणून गाडी घातली. वाहतं पाणी याहून कमी खोलीतही गाडी कडेला ढकलत नेतं. पूर ओसरल्यावर एका गाडीचा मागचा डिफरन्शियल उघडला तर ऑईल जास्त दुधाच्या चहासारखं निघालं. ब्रीदरची, म्हणजे डिफरन्शियलमधली हवा बाहेर सोडणारी, नळी निसटलेली होती. बाहेरून गाडी ठणठणीत दिसत होती. तसाच महिना काढला असता तर क्राउन-पिनियन, म्हणजे आतली दातेरी चाकं, गेला असता. गाडी पाण्यातून काढली असेल तर आठवड्याच्या आत तिन्ही ऑईल दाखवायला आणा: पुढचा डिफरन्शियल, मागचा आणि ट्रान्सफर केस.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूला गाड्या घेऊन जाणाऱ्यांना हात जोडून विनंती, माळरानात वाट सोडून उतरू नका. तो पक्षी जमिनीवर अंडी घालतो.

आमच्याकडं काय करून मिळेल

गाडी ठेवायची की विकायची हे ठरवण्याआधी एकदा रॅम्पवर घेऊ. आमच्या आवारात मुरमाचे दोन ढीग तिरपे घातलेत. त्यावर गाडी अशी उभी करतो की पुढचं एक आणि मागचं विरुद्ध बाजूचं चाक अधांतरी राहतं. तिथं लो लागतो का, लॉक धरतो का, दार नीट उघडून मिटतं का, हे तुम्ही स्वतः बघा. बऱ्याच गाड्यांत लो गिअरचा लिव्हर वर्षभर न हलवल्यानं अडकलेला सापडतो आणि मालक म्हणतो गाडीत दम राहिला नाही. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर शे-दोनशे मीटर लोमध्ये चालवलीत तर ही वेळ येत नाही. डांबरावर मात्र लावू नका.

व्हिजन टी बाजारात आली की तीही याच ढिगांवर चढवू, आणि जे दिसेल ते तुम्हाला सांगू. तोवर तपासणीला येताना गाडी धुऊन आणू नका. चिखल कुठं साठलाय आणि खाली कुठं घासून चकाकतंय, ते बघूनच आम्हाला कळतं तुम्ही गाडी कुठं चालवता आणि तिला काय हवंय.