सज्ञान मुलांची पोटगी: पैसे कोणाच्या हाती?

मुलांच्या पोटगीच्या हुकुमात ‘सज्ञान होईपर्यंत दरमहा’ हे शब्द बहुतेक वेळा असतात. आपल्याकडे सज्ञान होण्याची अठरा वर्षे पूर्ण होतात ती बारावीच्या आसपास. बोर्डाची परीक्षा, सीईटी, मग प्रवेशाची फी आणि हॉस्टेलची अनामत. खर्च अंगावर येतो नेमका तेव्हाच वडिलांकडून येणारी रक्कम थांबते. मूल मात्र आईकडेच राहते.

हे कायम असेच नव्हते. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ४८८ मध्ये मुलाच्या वयाचा उल्लेखच नव्हता. मूल स्वतःचा निर्वाह करू शकत नाही, एवढे पुरे होते. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ लावला आणि शिकणारी सज्ञान मुलेही पोटगीला पात्र ठरली. चारच वर्षांत नवी संहिता आली. १९७३च्या कलम १२५ ने पोटगी अज्ञान मुलांपुरती ठेवली. सज्ञान मुलाला ती मिळणार फक्त शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे वा इजेमुळे कमावता येत नसेल तरच. शिक्षण चालू आहे, हे कारण त्यात कुठेच बसत नाही. माझ्या मते सगळ्या गुंत्याचे मूळ इथे आहे.

मुलींसाठी एक वाट उरली होती. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २०(३) प्रमाणे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीला सज्ञान झाल्यावरही आईवडिलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. मुलग्यांसाठी तशी तरतूद नाही.

पण मागायचे कोणी? मुंबईतल्या एका प्रकरणात आईने सज्ञान मुलीच्या शिक्षणासाठी पोटगी मागितली, तेव्हा मुलगी सज्ञान आहे, तिने स्वतः अर्ज करावा, असे सांगून कौटुंबिक न्यायालयाने आईला परत पाठवले. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी ते फिरवले आणि आईचा अर्ज ग्राह्य धरला. हा निकाल मला मनापासून पटतो. घरभाडे, जेवण, क्लासची फी आई भरते. वडिलांविरुद्ध कोर्टाची पायरी चढण्याची सक्ती अठरा वर्षांच्या मुलीवर का करायची?

२०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौकट पुन्हा आवळली. हरियाणातल्या त्या प्रकरणात आईने २००२ मध्ये अर्ज केला होता. निकाल लागेपर्यंत मुलगी केव्हाच मोठी झाली होती. न्यायदंडाधिकारी कलम १२५ खाली धडधाकट सज्ञान मुलीला पोटगी देऊ शकत नाही, तिने कलम २०(३) खाली वेगळा दावा करावा, असे ठरले. कौटुंबिक न्यायालयाला मात्र दोन्ही कायद्यांचे अधिकार वापरता येतात. जिथे असे न्यायालय नाही तिथल्या मुलीला दुसऱ्यांदा खेटे घालणे आले.

मुलग्याच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये वेगळा मार्ग काढला. मुलगा अठराचा झाला म्हणून त्याच्या शिक्षणाचा सगळा भार आईवर टाकता येणार नाही, असे म्हणत न्यायालयाने दरमहा १५,००० रुपये आईलाच द्यायला सांगितले, मुलगा पदवीधर होईपर्यंत किंवा कमावू लागेपर्यंत. रक्कम आईची, कारण खर्च आईचा.

उलट २०२५च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयापुढे आयर्लंडमध्ये शिकणारी मुलगी होती. वडिलांनी शिक्षणासाठी दिलेले ४३ लाख रुपये ठेवून घ्यायला ती स्वाभिमानाने नकार देत होती. शिक्षणाचा खर्च आईवडिलांकडून घेणे हा मुलीचा कायदेशीर हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि ती रक्कम तिचीच ठरवली.

हक्क मुलाचा असला तरी ते आईच्या घरात राहून शिकत असेपर्यंत दरमहाची रक्कम आईच्याच हाती जावी. वेगळे राहू लागले की थेट त्याच्या खात्यात. कायद्यात मात्र असे कुठेच लिहिलेले नाही. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १४४ मध्ये सज्ञान मुलांसाठी १९७३चीच अट कायम आहे.