जाड भिंतीचे जिवाणू, पातळ भिंतीचे जिवाणू

जिवाणूची भिंत जितकी जाड तितका तो औषधाला चिवट, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात डॉक्टरांना जास्त घाम फोडतात ते पातळ भिंतीचे.

हे दोन गट वेगळे ओळखण्याची रीत हान्स क्रिस्तियान ग्राम या डॅनिश डॉक्टरने 1884 मध्ये दिली. जांभळा रंग आणि आयोडीन लावून अल्कोहोलने धुतलं की जाड भिंतीचे जांभळेच राहतात, ते ग्रॅम पॉझिटिव्ह. पातळ भिंतीचे रंग सोडतात आणि सॅफ्रॅनिनने गुलाबी होतात, ते ग्रॅम निगेटिव्ह. (रिपोर्टवर ‘ग्रॅम निगेटिव्ह’ दिसलं म्हणून जंतू नाहीत असं समजू नये!)

भिंत दोघांचीही पेप्टिडोग्लायकनचीच, म्हणजे साखर आणि अमिनो आम्लांच्या साखळ्यांच्या जाळ्याची. ग्रॅम पॉझिटिव्ह स्टॅफिलोकॉकसमध्ये तिचे थरावर थर असतात, पण ती भरीव नसते, जाळीदार असते. पेनिसिलिन तिच्यातून सहज आत जातं आणि भिंत विणणारी एन्झाइम निकामी करतं. ई. कोलाय, क्लेबसिएला या ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंची भिंत पातळ खरी, पण तिच्या बाहेर आणखी एक स्निग्ध पटल असतं. त्यातून आत जायला पोरिन नावाच्या प्रथिनांची अरुंद छिद्रं तेवढी. व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाचा रेणू सुमारे 1450 डाल्टनचा (डाल्टन हे रेणूचं वस्तुमान मोजायचं एकक), म्हणजे चांगलाच मोठा; तो त्यांत मावतच नाही. म्हणजे हा प्रतिकार नंतर कमावलेला नाही, उपजतच आहे.

जी औषधं आत शिरतात, त्यांचीही धडगत नसते. दोन पटलांमधल्या जागेत बीटा-लॅक्टमेज एन्झाइम पेनिसिलिनच्या कुळातली, म्हणजे बीटा-लॅक्टम, औषधं तोडतात. कार्बापेनेमसारखी राखीव औषधंही फोडणारं एनडीएम त्यांच्यातलंच. त्यातून वाचलेलं औषध पंप बाहेर फेकतात. स्यूडोमोनास हा ग्रॅम निगेटिव्ह जिवाणू तर ज्या छिद्रातून इमिपेनेम हे कार्बापेनेम आत येतं, ते बनवणंच थांबवतो.

ग्रॅम पॉझिटिव्हकडे बाहेरचं पटल नाही, म्हणून ते बहुतेकदा औषधाचं लक्ष्यच बदलतात. एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस, भिंत विणणारं असं एन्झाइम बनवतो, ज्याला बहुतेक बीटा-लॅक्टम औषधं नीट चिकटत नाहीत. काही एन्टेरोकॉकस भिंतीच्या घटकाच्या टोकाला डी-अॅलनिनऐवजी डी-लॅक्टेट बसवतात. तेवढ्यानं व्हँकोमायसिनची पकड सुमारे हजारपट ढिली पडते. जाडीही अगदीच वाया जात नाही: काही स्टॅफिलोकॉकस भिंत आणखी जाड करतात आणि व्हँकोमायसिन बाहेरच्या थरांतच अडकून पडतं.

ग्रॅम निगेटिव्हच्या बाहेरच्या पटलावर थेट घाव घालणारं जुनं औषध म्हणजे कोलिस्टिन. त्यालाही निष्प्रभ करणारं आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाणारं एमसीआर-1 जनुक 2015 मध्ये चीनमधून नोंदवलं गेलं. कोंबड्या आणि अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या इतर प्राण्यांसाठी कोलिस्टिन वापरण्यावर भारताने 2019 मध्ये बंदी घातली.