दूरच्या दीर्घिका दिसतात, मग सूर्यमालेतला बटुग्रह का दिसत नाही?

मे २०२५ मध्ये प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीमधील सिहाओ चेंग आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ‘२०१७ ओएफ२०१’ हा नेपच्यूनच्या पलीकडचा पिंड शोधल्याचे जाहीर केले. त्याचा व्यास सुमारे ७०० किलोमीटर असावा असा अंदाज आहे आणि हा अंदाज खरा ठरल्यास तो बटुग्रहांच्या, म्हणजे प्लूटोसारख्या छोट्या ग्रहांच्या, यादीत बसू शकेल. बातमी वाचून अनेकांना पडलेला प्रश्न रास्त आहे: अब्जावधी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिका टिपणाऱ्या दुर्बिणींना आपल्याच सूर्यमालेतला एवढा मोठा पिंड आजवर कसा सापडला नाही?

दीर्घिका स्वयंप्रकाशी आहे, हा पिंड नाही. ताऱ्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात क्षीण होतो, हे आपण शाळेत शिकतो. परप्रकाशी पिंडाला मात्र हा फटका दोनदा बसतो. सूर्यापासून त्याच्यापर्यंत जाताना प्रकाश वर्गाच्या प्रमाणात विरळ होतो, आणि परावर्तित होऊन आपल्याकडे परतताना पुन्हा तितकाच. काळोख्या मैदानात हातातल्या बॅटरीच्या झोतात दिसणारा पांढरा चेंडू जसजसा लांब जातो, तसतसा तो अपेक्षेपेक्षा फार लवकर दिसेनासा होतो, त्याचे कारण हेच. म्हणजे तेजस्विता अंतराच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते: अंतर दुप्पट झाले की ती सोळाव्या हिश्शावर येते, आणि दहापट झाले की दहा हजाराव्या हिश्शावर.

आता हा चतुर्थ घात या पिंडाच्या कक्षेला लावून पाहू. पृथ्वी-सूर्य अंतराला एक खगोलीय एकक म्हणतात. ‘ओएफ२०१’ सूर्याच्या जवळात जवळ येतो तेव्हा सुमारे ४४.५ एककांवर असतो आणि दुसऱ्या टोकाला १६०० एककांच्याही पलीकडे जातो. एका प्रदक्षिणेला त्याला सुमारे २५,००० वर्षे लागतात. शोधाच्या वेळी तो सुमारे ९० एककांवर होता. तेथून तो दूरच्या टोकाला पोहोचेल तेव्हा त्याचे अंतर जवळजवळ अठरापट झालेले असेल, आणि अठराचा चतुर्थ घात एक लाखाहून अधिक होतो. शिवाय केप्लरच्या दुसऱ्या नियमानुसार सूर्यापासून दूर असताना पिंडाची गती मंदावते, त्यामुळे त्याचा बहुतेक काळ त्या दूरच्या टोकाकडेच जातो. आजच्या दुर्बिणींना दिसण्याइतका जवळ तो कक्षाकालाच्या जेमतेम एक टक्का काळ असतो. असा एक पिंड आपल्याला सापडला, याचा अर्थ तशाच कक्षांवर सध्या न दिसणारे शंभरेक पिंड असण्याची शक्यता आहे, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे.

तो सूर्याच्या सर्वाधिक जवळ आला होता १९३० मध्ये, म्हणजे क्लाइड टॉम्बॉ यांनी प्लूटो शोधला त्याच वर्षी. तेव्हा तो २०१७ पेक्षा सुमारे सोळापट तेजस्वी असूनही टॉम्बॉ यांच्या छायाचित्रपट्ट्यांच्या आवाक्याबाहेरच होता. प्रत्यक्ष शोधासाठी नवी दुर्बीण लागली नाही, हे मला विशेष वाटते. चिलीतील ब्लांको दुर्बीण आणि हवाई येथील कॅनडा-फ्रान्स-हवाई दुर्बीण यांनी २०११ ते २०१८ या काळात घेतलेल्या, संग्रहात पडून असलेल्या १९ छायाचित्रांमधील एक मंद ठिपका संगणकाच्या मदतीने जोडून ही कक्षा मिळाली. व्यासाचा आकडा मात्र पृष्ठभाग किती प्रकाश परावर्तित करतो, या गृहीतकावर उभा आहे. पृष्ठभाग अधिक काळा असल्यास पिंड त्याहून मोठा निघेल. म्हणूनच सध्या तो बटुग्रहाचा ‘उमेदवार’ आहे.

अशा शोधांच्या पाठोपाठ पृथ्वीवर आदळणाऱ्या ‘निबिरू’ या काल्पनिक ग्रहाची अफवा डोके वर काढते. जो पिंड जवळात जवळ येतो तेव्हाही साडेसहाशे कोटी किलोमीटरांहून अधिक दूर असतो, तो कोणावर आदळणार नाही आणि कोणाच्या कुंडलीतही ढवळाढवळ करणार नाही.

गाजावाजा वैज्ञानिक वर्तुळातही होतो. २०१६ मध्ये कॉन्स्टंटिन बॅटिगिन आणि मायकेल ब्राउन यांनी दूरच्या काही पिंडांच्या कक्षा एकाच दिशेला कललेल्या दिसतात, यावरून न दिसलेल्या मोठ्या नवव्या ग्रहाची कल्पना मांडली. ‘ओएफ२०१’ची कक्षा त्या समूहात बसत नाही. एका अपवादाने ती कल्पना मोडीत निघत नाही. पण आपल्याला फक्त जवळ आलेले आणि आकाशाच्या तपासलेल्या भागातले पिंडच दिसत असतील, तर तो कल निसर्गातला आहे की आपल्या पाहण्यातला, ही शंका अधिक बळावते. चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेच्या ८.४ मीटर आरशाची दुर्बीण दहा वर्षे दक्षिणेकडचे आकाश पुन्हा पुन्हा टिपणार आहे, आणि या शंकेचा निकाल लावण्याइतके पिंड तिच्या छायाचित्रांतून मिळण्याची शक्यता सर्वाधिक आहे.