प्रोटॉनचं वजन कागदावरून काढायला 35 वर्षं का लागली?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात 1 किलो उकडे तांदूळ घेतले, तर त्यातल्या क्वार्कांचं (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या कणांचं) वस्तुमान भरतं जेमतेम 10 ग्रॅम. उरलेलं जवळजवळ सगळं म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या पोटातली ऊर्जा: क्वार्कांची धावपळ आणि त्यांना बांधून ठेवणारं ग्लुऑनांचं क्षेत्र. प्रोटॉनचं वस्तुमान 938 एमईव्ही (ऊर्जेचं एकक, कणांचं वस्तुमानही त्यातच मोजतात) आहे, हे प्रयोगातून फार पूर्वीच कळलं होतं. क्वार्कांना बांधणाऱ्या तीव्र बलाच्या मूळ सिद्धांतापासून सुरुवात करून तोच आकडा पटण्याजोग्या अचूकतेने काढायला मात्र 2008 साल उजाडलं. सिद्धांत तर 1973 पासून हाताशी होता. संगणक मंद होते म्हणून उशीर झाला, असं सर्रास सांगतात. ते अर्धंच खरं आहे.

1973 मध्ये ग्रॉस, विल्चेक आणि पोलिट्झर यांनी दाखवलं की क्वार्क अगदी जवळ आले की त्यांच्यातलं तीव्र बल सैल पडतं. त्या अंतरांवर कागद-पेन्सिल पुरते: आधी मुख्य पद, मग छोटी दुरुस्ती, मग त्याहून छोटी. प्रोटॉनच्या आकाराइतक्या अंतरावर मात्र दुरुस्त्या मुख्य पदाएवढ्याच मोठ्या निघतात आणि बेरीज कुठेच थांबत नाही.

पुढच्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठातल्या केनेथ विल्सन यांनी वेगळी वाट काढली. अवकाश आणि काळ सलग न धरता त्यांनी बिंदूंची जाळी मांडली. आपली ठिपक्यांची रांगोळी असते तशीच: ठिपक्यांवर क्वार्क, ठिपके जोडणाऱ्या रेघांवर ग्लुऑन. ही रांगोळी चार मितींची असते आणि तिच्या प्रत्येक रेघेवर 3 × 3 ची एक मॅट्रिक्स (संख्यांचा चौकोन) बसते, एवढंच. शिवाय काळ काल्पनिक संख्येत मोजला की कुठली मांडणी किती संभाव्य, हे साध्या धन संख्येत सांगता येतं. मग सगळ्या मांडण्या तपासायची गरज उरत नाही. संभाव्यतेच्या प्रमाणात नमुने उचलायचे आणि सरासरी काढायची.

ब्रुकहेवन प्रयोगशाळेतल्या मायकेल क्रॉइट्झ यांनी 1979-80 च्या सुमारास हे करून दाखवलं. त्यांची जाळी प्रत्येक दिशेला फार तर 10 बिंदूंची होती आणि बलही खऱ्यापेक्षा सोपं केलेलं. ताळगाव पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठात, एमएस्सी करणारा कुणी आज ते गणित साध्या लॅपटॉपवर चालवू शकेल.

खऱ्या कामातली जाळी कशी असते? एक नमुना घेऊ: अवकाशात 64 × 64 × 64 बिंदू, काळात 128. म्हणजे 3 कोटी 35 लाखांवर बिंदू, 13 कोटी 42 लाखांवर रेघा आणि रेघेमागे 18 आकडे (मॅट्रिक्समधल्या 9 संमिश्र संख्यांचे प्रत्येकी दोन). अशी एकच मांडणी साठवायला सुमारे 19 जीबी लागतात, आणि अशा शेकडो मांडण्या हव्या असतात. वस्तुमान काढायची युक्ती मात्र देखणी आहे. एका क्षणी जाळीत प्रोटॉनचे गुण असलेले तीन क्वार्क सोडायचे, पुढच्या एखाद्या क्षणी ते उचलायचे आणि दोन्हींतला संबंध किती उरला ते पाहायचं. अंतर वाढवत नेलं की हा संबंध घातांकी वेगाने घटतो, आणि तो घटण्याचा दर म्हणजेच वस्तुमान. अडचण अशी की प्रोटॉनच्या बाबतीत अंतर वाढलं की खरा संकेत गोंगाटात बुडत जातो.

1981 च्या सुमारास हॅम्बर, पारिझी आणि वाइनगार्टन यांनी कणांची वस्तुमानं काढायला सुरुवात केली, पण एक पळवाट धरून. निर्वात पोकळीत क्वार्क-प्रतिक्वार्कांच्या जोड्या सतत जन्मतात आणि मरतात. त्यांचा हिशेब परवडत नव्हता म्हणून तो सोडून दिला. ही 'क्वेंच्ड' पद्धत जवळपास वीस वर्षं चालली. तिच्यासाठी खास यंत्रं बांधली गेली. आयबीएमच्या जीएफ11 मध्ये 566 प्रोसेसर होते. शेवटी जपानमधल्या त्सुकुबाच्या गटाने नव्वदीच्या अखेरीला चोख गणित करून दाखवलं की या पळवाटेने काढलेली वस्तुमानं काही ठिकाणी 10 टक्क्यांपर्यंत चुकतात. ती वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही, पण यंत्र कितीही मोठं केलं तरी ही चूक जाणार नव्हती.

विल्सन यांनी ते आधीच ओळखलं होतं. 1989 च्या काप्रीच्या परिषदेत त्यांनी सांगितलं की संगणकाची ताकद दहा कोटी पट वाढायला हवी आणि शिवाय रीतींमध्येही थक्क करणारी सुधारणा हवी. पहिला भाग लोकांच्या लक्षात राहिला. दुसऱ्याची पायाभरणी 1987 मध्येच हायब्रिड मॉन्टे कार्लो या नमुने उचलण्याच्या रीतीने झाली होती. तीच रीत आज संख्याशास्त्रज्ञ सर्रास वापरतात, आणि ती इथून आली हे त्यांच्यातल्या पुष्कळांच्या गावीही नसतं. तरीही 2001 च्या बर्लिन परिषदेत मांडलेला खर्चाचा अंदाज छाती दडपवणारा होता: गणितातले क्वार्क खऱ्यांसारखे हलके करत जावं तसा खर्च इतका चढायचा की त्याला 'बर्लिनची भिंत' असंच नाव पडलं. पुढच्या पाच-सहा वर्षांत ती पडली, आणि बरीचशी नव्या रीतींनी पाडली.

2008 मध्ये बीएमडब्ल्यू नावाच्या युरोपीय गटाने (गाड्यांशी संबंध नाही, बुडापेस्ट, मार्से, वुपर्टाल) फक्त तीन मोजलेली वस्तुमानं गणितात घातली आणि प्रोटॉन-न्यूट्रॉनसाठी 936 एमईव्ही काढलं, सुमारे साडेतीन टक्के अनिश्चिततेसह. 2015 मध्ये याच वाटेने न्यूट्रॉन आणि प्रोटॉनमधला सव्वा एमईव्हीचा फरकही हाती आला. म्युऑनच्या (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाच्या) चुंबकत्वाबद्दल गाजलेली, प्रयोग आणि सिद्धांत यांच्यातली विसंगती 2025 पर्यंत ओसरली, तीही मुख्यतः जाळीवरच्या आकडेमोडीमुळेच.

आपल्याकडे हे काम प्रामुख्याने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) वाढलं. गोव्यात ती संस्था गणितज्ञ दा. ध. कोसंबींमुळे ओळखीची, पण त्यांचा काळ याच्या कितीतरी आधीचा. टीआयएफआरमधल्या राजीव गवई आणि सौरेंदु गुप्ता यांनी उचललेला प्रश्न अत्यंत तप्त आणि दाट द्रव्याचा होता. याच द्रव्यावरची एक आंतरराष्ट्रीय परिषद डिसेंबर 2010 मध्ये गोव्यात भरली होती. सुमारे 155 एमईव्ही तापमानाला, म्हणजे जवळपास 1.8 लाख कोटी अंशांवर, प्रोटॉन विरघळतात हे जाळीने सांगितलं. पण प्रतिक्वार्कांपेक्षा क्वार्क जास्त झाले की मघाची ती धन संभाव्यता धन राहत नाही आणि नमुने उचलण्याचा आधारच सुटतो. गवई-गुप्तांनी शून्य घनतेपासून टेलर श्रेणीने (एका बिंदूपासून पायरीपायरीने पुढचा अंदाज काढण्याच्या गणिती रीतीने) थोडं पुढे जाऊन त्या प्रदेशातल्या संक्रमण-बिंदूचा अंदाज बांधला. न्यूट्रॉन ताऱ्याच्या गाभ्याइतकी घनता मात्र या रीतीच्या आवाक्यात येत नाही, आणि तिथे दहा कोटी पट वेगवान संगणकही उपयोगाचा नाही.